पाचव्या पुस्तकातलं वाक्य

नजरबाद, म्हैसूर
२ ऑक्टोबर १९८३

ती. सौ. अक्कास गोदाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र गौरीच्या दिवसांत मिळालं, उत्तराला उशीर झाला. पुण्यात तुझ्याकडे सगळे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. इथलं कसं सांगावं ते मात्र कळत नाही.

परवा अविधवा नवमी झाली. आईमागून आपले अण्णाही गेल्यावर आता तिची नवमी करायची नसते, असं भटजी म्हणाले. पण इतक्या वर्षांची सवय, मला राहवलं नाही. शेजारच्या भवानीबाईंना जेवायला बोलावलं, आईच्या नावानं खण दिला. हे सकाळीच म्हणाले, "यंदा नको, गोदा." का, ते सांगितलं नाही. भवानीबाई पाटावर बसल्या आणि हे न जेवताच बाहेर पडले. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, मलाच तिचा चेहरा आठवत नाही. ह्यांनी तर तिला पाहिलंही नाही. मग तिच्या नावाच्या जेवणावर राग कशाचा?

हे मी कदाचित विसरले असते. पण काल पेपर तपासायला घेतले. दसऱ्याच्या सुट्टीत नववीचे इंग्रजीचे बेचाळीस पेपर घरी आणलेत. त्यात मीच एक प्रश्न घातला होता. धुरावरून विस्तवाचा अंदाज बांधणारी ती इंग्रजी म्हण आहे ना, अण्णा पेपर वाचताना वरचेवर म्हणायचे ती, तिचा अर्थ सांगा आणि तिचा वापर दाखवणारं एक उदाहरण स्वतःच्या शब्दांत लिहा. पाच मार्क. निम्म्या मुलींनी खराखुरा धूर समजून उत्तर लिहिलं, एकीनं तर चूल पेटवायची कृतीच दिली. वनजा नावाची एक मुलगी आहे, हिनकलहून येते. तिला मात्र अर्थ नेमका समजलाय. तिनं लिहिलंय ते मराठीत उतरवून देते.

"आमच्या हिनकलमध्ये देवळामागच्या गल्लीत एक बाई एकटी राहते. दर शनिवारी दुपारी तीन वाजता एक माणूस निळ्या स्कूटरवरून तिच्याकडे येतो. तो हेब्बाळच्या एका फॅक्टरीत आहे. स्कूटरच्या जादा चाकाच्या कव्हरवर पांढरं कमळ काढलेलं आहे. तो पिशवी घेऊन आत जातो आणि तास-दोन तास थांबतो. त्याची बायको कुठल्याशा शाळेत शिकवते म्हणे. तिला यातलं काही माहीत नाही. सगळी गल्ली बोलते. एवढी माणसं उगीच बोलतील का? काहीतरी असणारच."

अक्का, ते कमळ मी काढलंय. गेल्या दिवाळीत.

जानेवारीपासून ह्यांना दर शनिवारी फॅक्टरीत जादा काम असतं. मी कधी विचारलं नाही, विचारावंसं वाटलंही नाही. आता ह्यांच्या प्रत्येक वाक्याकडे लाल पेन घेऊन बघते आहे. काल रात्री "मीठ जास्त झालंय" म्हणाले, तर वाटलं, कुठल्या स्वयंपाकाशी तुलना चालली आहे?

वनजाच्या पेपरावर मार्क घातलेले नाहीत. मी काय करावं ते कळव. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझी,
गोदा


पुणे
८ ऑक्टोबर १९८३

चि. सौ. गोदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की रागवावं ते कळेना. चौदा वर्षांच्या पोरीनं परीक्षेत काहीतरी रचून लिहिलं, आणि तू सोळा वर्षांचा संसार तराजूत घातलास! म्हैसुरात निळ्या स्कूटरी काय एक-दोनच आहेत? आणि कमळ काय फक्त तुलाच काढता येतं?

श्रीनिवासरावांना मी तुझ्या लग्नाआधीपासून ओळखते. त्यांच्यासारखा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही. समज, ते गेलेही असतील कुणाकडे. म्हातारी माणसं एकटीदुकटी राहतात, त्यांना कुणी औषधं नेऊन देतं, कुणी दोन शब्द बोलतं. त्यात वाईट काय? प्रत्येक गोष्टीचा छडा लावायचा नसतो.

त्यांना काही विचारू नकोस. पुरुषांना एकदा संशय दाखवला की त्यांच्या मनातून आपण उतरतो ते उतरतोच. आणि हिनकलला तर मुळीच जाऊ नकोस. माझी शपथ आहे. शाळेतल्या बाईनं गल्लीबोळांतून नवऱ्याच्या मागावर फिरायचं म्हणजे काय!

त्या मुलीला दोन मार्क दे आणि पेपर गठ्ठ्यात घाल.

तुझी,
अक्का


नजरबाद, म्हैसूर
१६ ऑक्टोबर १९८३

ती. अक्कास नमस्कार.

आज विजयादशमी. मिरवणुकीला आलेल्या माणसांनी रस्ता भरलाय, खिडकी लावून लिहिते आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना माझं स्वतःचं पत्रही आठवून पाहिलं. त्यात मी "एक बाई एकटी राहते" एवढंच लिहिलं होतं. ती म्हातारी आहे असं मी लिहिलं नव्हतं. पिशवीत औषधं असतात असंही लिहिलं नव्हतं. वनजानंही ते लिहिलेलं नाही. मग ते तुला पुण्यात बसून कसं कळलं?

काल आयुधपूजेला ह्यांच्या फॅक्टरीत घरच्यांना बोलावलं होतं. सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ह्यांचे वरचे साहेब सयाजीराव भेटले. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "शनिवारीसुद्धा उशिरापर्यंत थांबवता तुम्ही ह्यांना." ते म्हणाले, "अय्यो, कुठलं हो! शनिवारी दोनला भोंगा होतो. यंदा जादा काम नाहीच." हे बाजूलाच उभे होते. चेहरा असा झाला की सयाजीरावांनीच विषय बदलला. पूजा झाल्यावर मला घरी सोडलं आणि "तासाभरात येतो" म्हणून गेले. काल शनिवार होता.

संध्याकाळी मी सरळ विचारलं, "हिनकलला कोण आहे?" म्हणाले, "मला विचारू नकोस." मी म्हटलं, "मग कुणाला विचारू?" तेव्हापासून आमच्यात दूधवाल्याचं आणि गॅसचं तेवढं बोलणं होतं.

आता तुलाच विचारते. तू आणि हे मिळून माझ्यापासून काय लपवता आहात? नवऱ्यावर संशय घेणं वाईट. पण नवरा आणि बहीण दोघांवर एकदम संशय घ्यावा लागणं, ते कसं असतं तुला सांगता येत नाही.

गोदा


हेब्बाळ, म्हैसूर
१९ ऑक्टोबर १९८३

ती. सौ. कृष्णवेणीबाईंस श्रीनिवासचा सा. नमस्कार.

घरून लिहिता येत नाही म्हणून फॅक्टरीतून लिहितो आहे.

गोदाला सांगू नका, अशी तुम्ही मोठी बहीण म्हणून जानेवारीत शपथ घातलीत, मी पाळली. हिनकलला त्यांनीही तेच मागितलं, तेही पाळलं. आता जमत नाही. गोदा माझ्यासमोर ताट ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवते. खोटं बोलायचं ठरवलं असतं तर एव्हाना दहा गोष्टी सांगितल्या असत्या, पण मला तेवढं सुचत नाही. नुसता गप्प बसतो, आणि गप्प बसण्याचा तिला जो अर्थ लागायचा तो लागतो.

नवमीच्या दिवशी समोर पान वाढलेलं पाहिलं आणि न जेवताच घराबाहेर पडलो. ज्यांच्या नावानं ते पान होतं, त्यांना आदल्या शनिवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो.

त्यांचं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागणार आहे. हातात वेळ थोडा आहे. मला शपथेतून मोकळं करा, नाहीतर तुम्हीच तिला लिहा.

आपला,
श्रीनिवास


पुणे
२२ ऑक्टोबर १९८३

चि. सौ. गोदास आशीर्वाद.

तू ऐकणार नाहीस हे दिसतंच आहे, तेव्हा आहे ते सांगते. श्रीनिवासरावांची काही चूक नाही. तुझ्या मनात आलं तसलं काही नाही.

अण्णा गेल्यावर शिमोग्याहून एक बाई म्हैसुरात आली. आपल्या नात्यातली आहे असं सांगते. जानेवारीत तिनं श्रीनिवासरावांना गाठलं. ते मऊ मनाचे, त्यांना खरं वाटलं. त्यांनी मला लिहून विचारलं. मी त्यांना तेव्हाच कळवलं की असल्या माणसांवर विश्वास ठेवू नका. कुटुंबातलं मोठं माणूस गेलं की कुणीतरी उगवतं आणि जुनी नाती सांगतं. घरातल्या चार गोष्टी कुणाकडून तरी ऐकलेल्या असतात, तेवढ्यावर काम भागतं.

तुला त्रास नको म्हणून मीच त्यांना म्हटलं, गोदाला सांगू नका. झालं इतकंच.

तू तिथं जाऊ नकोस. गेलीस तर ती रडेल, काहीबाही सांगेल, आणि तू भरीला पडशील. आपल्या अण्णांचं नाव म्हैसुरात कसं होतं ते आठव.

तुझी,
अक्का


नजरबाद, म्हैसूर
३० ऑक्टोबर १९८३

अक्का,

काल मी हिनकलला जाऊन आले. तू इतक्या वेळा नको म्हणालीस म्हणूनच गेले, असं समज.

शाळा सोमवारी उघडली. वनजाला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं. पोरगी घाबरली. मी विचारलं, "ती एकटी राहणारी बाई वयानं केवढी आहे?"

"अज्जी आहेत, मिस. केस सगळे पांढरे."

"मग आजी आहेत असं का नाही लिहिलंस?"

ती बुटाच्या टोकानं फरशी उकरत म्हणाली, "अज्जी म्हणून लिहिलं असतं तर उदाहरण बसलं नसतं, मिस."

मी तिला पाचपैकी पाच दिले. अर्थ बरोबर होता, वापरही बरोबर होता.

काल दोन वाजता हुणसूर रस्त्याची बस धरली. देवळामागं गल्ली, गल्लीत शेवटचं कौलारू घर. दारातच ती सुपात कुळीथ निवडत बसली होती. सुपाला नाक लावून निवडत होती, तिला नीट दिसत नाही. मी पुढं उभी राहिले तेव्हा सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कोण पाहिजे, असं विचारलं नाही. आपल्या घरातल्या मराठीत म्हणाली, "उन्हात उभी राहू नको. आत ये की."

"तुम्ही मला ओळखता?"

"शाळेत शिकवतेस. नजरबादला राहतेस."

"आणि तुम्ही कोण?"

तिनं उलट विचारलं, "तुझ्या आईबद्दल तुला काय सांगितलंय?"

"मी चार वर्षांची असताना ती विषमज्वरानं गेली. शिमोग्याला, माहेरी."

"मग तसंच असू दे," ती म्हणाली. "पाणी पी आणि घरी जा. ह्या उन्हाचा ताप होतो."

मी पाण्याला हात लावला नाही. मला वाटलं, बाई मुरलेली आहे. भरीला पाडायचं असलं की माणूस पुढं येत नाही, दोन पावलं मागं सरतं. तुझं पत्र डोक्यात होतं ना. मी ठरवलं, इथंच बसायचं आणि खरं काय ते काढायचं. मी घरातल्या खुणा विचारायला लागले. देवघर कुठं होतं, अण्णा पान कसलं खायचे, तुझं पाळण्यातलं नाव काय. ती सगळं सांगत गेली, शाळेत पोरी पाठ केलेलं म्हणतात तसं. मी मनात म्हणत होते, हे एखाद्या जुन्या मोलकरणीलाही सांगता येईल.

तीन वाजता स्कूटर आली. हे दारात आले, मला पाहिलं, आणि चपला काढायचं विसरून तसेच आत आले. पहिलं वाक्य बोलले ते माझ्याशी नाही, तिच्याशी. "आई, मी नाही सांगितलं हिला."

अक्का, हे स्वतःच्या आईशीसुद्धा इतकं हळू बोललेले मी ऐकलेलं नाही.

मग त्यांनीच सांगितलं. जानेवारीत मला शाळेतून घ्यायला यायचे, तेव्हा समोरच्या झाडाखाली एक म्हातारी बाई रोज उभी असायची. शाळा सुटेपर्यंत उभी राहायची, मी बाहेर पडले की जायची. पाचव्या दिवशी ह्यांनी तिला गाठून विचारलं, "कुणाला बघता?" ती म्हणाली, "माझ्या लेकीला." मी उभं राहून ऐकत होते, आणि माझा संशय मात्र जात नव्हता. मी तिला विचारलं, "तू जिवंत होतीस तर आली का नाहीस?"

"तुझ्या अण्णांनी सांगितलं होतं, मी असेतो म्हैसुरात पाय टाकायचा नाही. ते गेल्याचं कळलं, तेव्हा आले."

"पण तुला घालवलं कशासाठी?"

"इंग्रजी शिकत होते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. आपल्या घरासमोर कृष्णमूर्ती मास्तर राहायचे म्हणे. अण्णा दौऱ्यावर गेले की दुपारी दोन ते तीन ते तिला शिकवायला येत. तिला मोठ्यानं वाचायची लाज वाटायची, शेजारच्या बायका हसायच्या, म्हणून दार लावून घ्यायची. सहा महिने चाललं. एकदा अण्णा दौऱ्यावरून एक दिवस आधी आले. टोपीसुद्धा काढली नाही. बाहेरच्या खोलीत बसून एक वाक्य इंग्रजीत बोलले.

"मला कळलं नाही," ती म्हणाली. "मी विचारलं, म्हणजे काय हो? मला वाटलं, ते खूश होतील, मी विचारते आहे म्हणून. माझं तिसरं पुस्तक चाललं होतं. ते वाक्य पाचव्या पुस्तकात आहे."

दुसऱ्या दिवशी तिला शिमोग्याला भावाकडे सोडलं. भावानं दोन वर्षं ठेवलं, मग ती मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला राहिली. तिथं आठ वर्षांनी एका मुलीच्या वहीत ते वाक्य निघालं. मुलीनं वाचलं आणि अर्थ सांगितला.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"पोळ्या लाटत होते. साठ व्हायच्या होत्या. साठ लाटल्या आणि मग हात धुतले."

ते वाक्य मी बेचाळीस मुलींना पाच मार्कांना विचारलं, अक्का.

मी विचारलं, "अण्णांना कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली, "गल्लीत माणसं थोडी का होती?" आणि सूप उचलून आत गेली. ते उत्तर मला पुरं वाटलं नाही. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तू तेव्हा दहा वर्षांची होतीस. घरात होतीस. मला शपथा नकोत, अण्णांचं नाव नको. दोनच गोष्टी लिही. ती माझी आई आहे की नाही? आणि असली, तर तुला कधीपासून ठाऊक आहे?

गोदा


पुणे
७ नोव्हेंबर १९८३

गोदा,

तुझं पत्र दिवाळीच्या फराळात आलं. चार दिवस डब्यांच्या मागं ठेवलं होतं.

ती आपली आई आहे. मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

तिला शिमोग्याला सोडून अण्णा परत आले तेव्हा म्हणाले, "तुझी आई तिकडेच वारली. कुणी विचारलं तर हेच सांगायचं." तू रडत होतीस. मी तुला तेच सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मग मलाही ते खरं वाटायला लागलं. नवमीला पहिल्या वर्षी पान वाढलं तेव्हा मी ओकले होते. दुसऱ्या वर्षी जेवले.

माझं लग्न ठरलं तेव्हा तिचं एक पत्र आलं. इंग्रजीत होतं. चार ओळी, अक्षर पोरवयाचं, चुका नव्हत्या. मी न्हाणीच्या बंबात टाकलं. सासरच्यांना आई नाही असं सांगितलेलं होतं. त्यांना कळलं असतं तर लग्न मोडलं असतं, असं तेव्हा वाटलं. खरं म्हणजे त्याचं निमित्त केलं.

तिनं तुला सगळं सांगितलं, एक सोडून. अण्णांना गल्लीतल्या कुणी काही सांगितलं असेल, ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. मला म्हणाले, "मास्तर येतात तेव्हा दार लावतात?" मी म्हटलं, "लावतात." "आणि तू कुठं असतेस?"

गोदा, मी आतच असायची. रोज. तू चटईवर झोपलेली असायचीस, मी तुझ्यावरच्या माशा वारत बसायची आणि आईच्या बरोबर तेच धडे म्हणायची. पण त्या दिवशी सकाळी मी तिच्या पुस्तकावर शाई सांडली होती, आणि तिनं मला मारलं होतं. पहिल्यांदाच. एका पुस्तकासाठी. मी अण्णांना म्हटलं, "मला बाहेर पाठवतात."

तीनच शब्द. संध्याकाळपर्यंत राग गेलासुद्धा होता. मला वाटलं होतं, तिला रागावतील आणि पुस्तक बंद करतील.

तिला हे ठाऊक नाही. तिला ठाऊक असतं तर तिनं माझ्या लग्नाला पत्र कशाला पाठवलं असतं? श्रीनिवासरावांचं पत्र आल्यापासून मला एकच भीती होती, ती तुला भेटेल, तुम्ही दोघी तो दिवस पुन्हा आठवाल, आणि हिशोब जुळत जुळत माझ्यापाशी येऊन थांबेल. म्हणून मी तिला तोतया म्हटलं. आईला.

तू तिला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझ्यात बळ नाही.

अक्का


नजरबाद, म्हैसूर
१५ नोव्हेंबर १९८३

अक्का,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. ते पाठवलं नाही. माझा राग गेलेला नाही, पण त्या पत्रात रागाशिवाय काहीच नव्हतं.

ह्यांच्याशी बोलायला लागले आहे. नऊ महिने ते माझ्याशी खोटं बोलले, भल्यासाठी बोलले तरी खोटंच. त्यांनाही ते पटतं. शनिवारी आता दोघं जातो.

परवाच्या शनिवारी तुझं पत्र बरोबर नेलं. तिला अक्षर दिसत नाही, मलाच वाचून दाखवावं लागणार होतं. मी ठरवलं होतं, लग्नाच्या पत्रापर्यंत वाचायचं आणि थांबायचं. तशी थांबले. घडी घालायला लागले.

ती म्हणाली, "अजून एक पान आहे. कागदाचा आवाज कळतो मला."

"त्यात काही नाही."

"अण्णांनी तिला विचारलं तेव्हा मी दाराआडच होते, गोदे. ती काय म्हणाली ते ऐकलं मी."

मग मी उरलेलं वाचलं. ती पदराची गाठ सोडत-बांधत ऐकत होती. मी म्हटलं, "तू पुढं येऊन का नाही सांगितलंस, की पोरगी खोटं बोलते?"

"सांगितलं असतं तर तुझ्या अण्णांनी तिला फोडून काढलं असतं. छडी हातातच होती. आणि इतकं करून माझ्यावर विश्वास ठेवला असता का? ते ठरवून आले होते. पोरीला विचारायचं म्हणून विचारलं."

"म्हणजे तुला तिचा राग नाही?"

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. म्हातारी माणसं असं म्हणतात. ती म्हणाली, "दहा वर्षांच्या पोरीचा नाही. पण मी चार ओळी लिहिल्या होत्या लग्नाच्या वेळी. वसतिगृहातल्या मुलींना दाखवून चुका काढून घेतल्या होत्या. त्याला उत्तर यायला हवं होतं. तेव्हा ती वीस वर्षांची होती."

मग उठून शेगडी पुढं ओढली आणि ह्यांच्यासाठी कॉफी ठेवली. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तिला लिही. पाच डिसेंबरला माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी निघाल्यावर ये म्हणावं. आत्ता आली तर मला नुसता आवाज ऐकू येईल, आणि आवाज तिचा बदललेला असणार. मला कळायचं नाही कोण आहे ते."

मी माझ्याकडून काहीच जोडत नाही. तिचा निरोप आहे, तो पोचवला.

गोदा


पुणे
२४ नोव्हेंबर १९८३

चि. गोदास,

पत्र मिळालं. चौदा डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. बेंगळूरहून सकाळच्या गाडीनं येईन. स्टेशनवर कुणी येऊ नका. मी आधी नजरबादला येत नाही, सरळ हिनकलला जाईन. तुझा राग तुझ्यापाशी राहू दे, तो मी येऊन ऐकेन.

तिला उत्तर लिहायला बसले होते. चोवीस वर्षांपूर्वीच्या चार ओळींचं उत्तर. इंग्रजीत लिहावं म्हणून सुरुवात केली, तीन कागद फाडले. मग ठरवलं, तोंडानंच देईन.

तिकिटं कशासाठी, असं ह्यांनी आज सकाळी विचारलं. मी नेहमीसारखं काहीतरी सांगणार होते. गोदाची तब्येत बरी नाही, असं ओठांवर आलंही होतं. ते गिळलं. म्हटलं, "माझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे." ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. माझ्याकडे असे बघत राहिले की मी भ्रमिष्ट झाले असं त्यांना वाटत असावं. म्हणाले, "तुझी आई तर..." मी म्हटलं, "नाही. मी खोटं सांगितलं होतं. तुम्हाला, तुमच्या आईवडिलांना, सगळ्यांना." ते चिडतील अशी वाट बघत मी उभी होते. शेवटी त्यांनी विचारलं, "नाव काय त्यांचं?"

गोदा, चौतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, "सुमित्राबाई." माझ्या अंदाजापेक्षा मोठ्यानं बोलले असणार, कारण आतल्या खोलीतून माझी धाकटी लेक केस विंचरत बाहेर आली आणि म्हणाली, "कोण सुमित्राबाई?"

ती समोर बसली आहे, आणि मी हे लिहायचं कधी संपवते म्हणून थांबली आहे. तिला सगळं सांगायचं आहे. म्हणून इथंच पुरं करते.

तुझी,
अक्का